‘हलवावा असं वाटत असेल तर एक दाबा’

आमच्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या शेवटी संपली, निवडणूक लागली नाही आणि मुख्याधिकारीच प्रशासक होऊन बसले. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं होतं, त्यामुळे राज्यातल्या शेकडो नगरपरिषदांची तीच गत होती. मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली चार वर्षं गावात नगरसेवक नव्हते, पण निर्णय होतच होते. २०२४ मध्ये एक प्रस्ताव आला: आठवडी बाजार मेन रोडवरून उचलायचा आणि गावाबाहेर, बाजार समितीच्या मागच्या मैदानावर न्यायचा.

झालं, दोन निवेदनं फिरू लागली. एक बाजार हलवण्याच्या बाजूचं, कारण बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडपासून वेशीपर्यंत रुग्णवाहिकाही जात नाही. दुसरं विरोधातलं, कारण डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईने मैदानापर्यंत रिक्षाभाडं भरलं तर मेथीच्या जुड्या विकून तिच्या हातात काय उरणार. दोन्हींवर सह्यांचा पाऊस पडला. आमच्या नागरिक मंचातल्या तात्यांनी (निवृत्त तलाठी, नजर बारीक) दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहिले, तर कितीतरी नावं दोन्हीकडे सापडली! दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून दिली सही.

मी करसल्लागार आहे, मंचाचे हिशेब माझ्याकडे असतात. त्यामुळे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे आमचे सर जेव्हा म्हणाले, “आपण रीतसर जनमत पाहणी करू,” तेव्हा माझा पहिला प्रश्न पैशांचा होता. घरोघरी माणसं पाठवून फॉर्म भरून घेणाऱ्या संस्थेचं दरपत्रक आलं ते आमच्या दोन वर्षांच्या वर्गणीएवढं. माझा भाचा पुण्यात एका टेलिकॉम कंपनीत आहे. तो म्हणाला, “मावशी, ओबीडी कर की. रेकॉर्ड केलेला आवाज जातो, लोक बटण दाबतात, उत्तरं सरळ एक्सेलमध्ये येतात.”

ओबीडी म्हणजे आउटबाउंड डायलिंग. कर्जाचे, प्लॉटचे आणि निवडणुकीत ‘मी तुमचा उमेदवार बोलतोय’ म्हणणारे जे फोन येतात, तेच यंत्र. दर पैशांत असतो आणि तो ‘पल्स’वर, म्हणजे ठरावीक सेकंदांच्या तुकड्यावर लागतो. आम्ही घेतलेल्या सेवेत पल्स तीस सेकंदांची होती. फोन उचलला गेला तरच पैसे, वर अठरा टक्के जीएसटी. इथे माझं डोकं लगेच चाललं. साठ सेकंदांत संपलेला फोन दोन पल्सचा, एकसष्टाव्या सेकंदाला तो तीनचा होतो. म्हणजे आपली प्रश्नावली एका नमस्काराने लांबली तर खर्च दीडपट. पुढे सगळं लिहिताना मी हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसायचे आणि सर वैतागायचे.

फोन लावणं स्वस्त, हे कळलं. लावायचा कोणाला, इथे गाडी अडली.

सेवा देणाऱ्या कंपनीचा मुलगा फारच तयारीचा. “मॅडम, डेटा पण आहे आपल्याकडे. तालुकानिहाय, वयानुसार, पाहिजे तसा.” हा डेटा कुठून आला विचारलं तर म्हणाला, “मार्केटमध्ये असतोच.” २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तेव्हा मंजूर झालेला होता, नियम यायचे होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या यादीत कोण असणार? ज्यांनी कधी कर्ज मागितलं, गाडीची चौकशी केली, मॉलमध्ये नंबर लिहून दिला ते. बाजारात पथारी टाकणारी मावशी त्यात कुठून येणार?

मग यादीशिवाय, अंदाजाने नंबर लावता येतील का? अमेरिकेत लँडलाइनच्या काळात हे चालायचं. तिथे नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून शहरच काय, भागही कळे. शेवटचे आकडे यंत्राने कसेही जुळवायचे आणि फोन लावायचा. सर्व्हेयूएसएसारख्या कंपन्यांनी १९९० च्या दशकात याच जोरावर रेकॉर्डेड आवाजातल्या स्वस्त पाहण्या सुरू केल्या आणि वर्तमानपत्रांना व टीव्ही केंद्रांना त्या परवडू लागल्या. पुढे लोकांनी घरचे फोन काढून टाकले. मोबाइलवर परवानगीशिवाय यंत्राने फोन लावायला तिथे १९९१ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्या धंद्याची निम्मी जमीनच सरकली. आपल्याकडे गोष्ट उलटी. फोन म्हणजे मोबाइलच, पण नंबरावरून गाव कळत नाही. मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच टेलिकॉम सर्कल. शिवाय २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि माणूस नंबरासकट पुण्याला राहायला जातो. अंदाजाने लावलेले फोन आमच्या गावात पडण्याऐवजी सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत कुठेही पडले असते.

मंचातल्या एका उत्साही सभासदाने मिस्ड कॉलचा पर्याय काढला. चौकात फलक लावायचा, हलवायचा असेल तर या नंबरवर, नसेल तर त्या नंबरवर मिस्ड कॉल द्या. खर्च जवळजवळ शून्य. सरांनी त्यावर १९३६ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून, आणि मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असणारा माणूस कोण? त्यातही ज्यांना तळमळ होती त्यांनीच पत्र परत पाठवलं. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला होता.

आपल्याकडचं उदाहरण आम्हीच शोधलं. जानेवारी २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबात मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोण हे फोन आणि व्हॉट्सॲपवर विचारलं. २१ लाखांहून जास्त प्रतिसाद आले आणि ९३ टक्के भगवंत मान यांच्या बाजूने. आकडा दणदणीत आहे, पण तो पंजाबच्या मतदारांचा कौल म्हणून वाचता येत नाही. ज्याला हौस होती त्याने फोन केला. पक्षाचा कार्यक्रम म्हणून तो झकासच होता. आमच्या चौकात फलक लागला असता तर मेन रोडच्या दुकानदारांनी एका दुपारीत निकाल लावून टाकला असता.

तेव्हा शेवटी उरला मतदार यादीचा मार्ग. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना मिळते, त्यात नाव, वय, लिंग, घर क्रमांक असतो. फोन नंबर नसतो. सरांनी चिठ्ठी टाकून सुरुवातीचा आकडा काढला आणि तिथून ठरावीक अंतरावरचं प्रत्येक नाव उचललं. त्या नावांच्या दारात जाऊन नंबर मागायचा, कशासाठी ते सांगायचं, आणि संमतीच्या कागदावर सही घ्यायची. म्हणजे ‘स्वयंचलित’ पाहणीसाठी आम्ही आधी गल्लीबोळ पायी तुडवले. ज्याला सगळं घरबसल्या हवंय त्याने या भानगडीत पडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

दारात काय चालायचं त्याचा एक नमुना सांगते. यादीत नाव बाईंचं. दार उघडलं त्यांच्या यजमानांनी.

“घ्या माझा नंबर.”

“काका, नाव काकूंचं निघालंय. त्यांचा हवा.”

“तिचा कशाला? तिला काय कळतंय त्यातलं. मीच सांगतो की काय ते.”

आतून आवाज आला, “बाजारात मी जाते दर आठवड्याला. तुम्ही गेला होता कधी?”

त्यांचा नंबर मिळाला. पण तो त्यांचा नव्हताच, मुलाने जुना फोन आईला दिला होता आणि सिम त्याच्या नावावर. अशी घरं पुष्कळ. काही घरांत एकच फोन, तोही दिवसभर मालकाच्या खिशात. आम्ही यादीत फोन कोणाच्या हातात असतो आणि कधी, असा एक रकाना वाढवला. सगळ्या कामात मला वाटतं सर्वांत उपयोगी तोच ठरला.

आता प्रश्न. पहिला मसुदा मेन रोडवर दुकान असलेल्या सभासदाचा होता: ‘वाहतुकीची कोंडी दूर करण्यासाठी आठवडी बाजार मैदानावर हलवावा का?’ तात्या म्हणाले, “मग मी लिहितो: गरीब भाजीवाल्यांना गावाबाहेर काढावं का?” भांडण चांगलंच रंगलं. सर खूश, कारण त्यांना हेच करून दाखवायचं होतं. त्यांनी चाचणीच्या फोनांमध्ये निम्म्या लोकांना कोंडीवाला प्रश्न लावला आणि निम्म्यांना साधा: ‘आठवडी बाजार आहे तिथेच राहावा की बाजार समितीमागच्या मैदानावर न्यावा?’ कोंडीवाल्या प्रश्नाला होकार डोळ्यांत भरेल इतका जास्त आला. त्या संध्याकाळनंतर मसुद्यावरची भांडणं थांबली. साधा प्रश्न कायम झाला, आणि निम्म्या फोनांत ‘राहावा’ आधी, निम्म्यांत ‘न्यावा’ आधी, कारण माणूस ऐकलेलं शेवटचं बटण दाबतो.

वाक्याची मांडणीही उलटसुलट करावी लागली. ‘एक दाबा, जर बाजार हलवावा असं वाटत असेल तर’ असं रेकॉर्ड केलं तर ऐकणारा वाक्याच्या शेवटापर्यंत आकडा विसरतो. म्हणून आधी मत, मग बटण. ‘हलवावा असं वाटत असेल तर एक दाबा.’ ‘सांगता येत नाही’ला सुद्धा बटण दिलं. ते दिलं नाही तर लोक काहीतरी दाबून मोकळे होतात.

आवाज कोणाचा? कंपनीकडे व्यावसायिक आवाज होता, गुळगुळीत, जाहिरातीतला. तो ऐकून माझ्या आईने पहिल्याच शब्दाला फोन ठेवला. “कर्जवाला आहे,” म्हणाली. शेवटी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंचा आवाज घेतला. पोलिओच्या डोसला घरोघरी हाका मारणारा, अख्ख्या गावाच्या ओळखीचा. रेकॉर्डिंग झालं माझ्या कपाटासमोर, साड्यांच्या घड्यांकडे तोंड करून, म्हणजे घुमत नाही. फाइल फोनच्या दर्जाची, आठ किलोहर्ट्झ, मोनो लागते. घरी कितीही झकास रेकॉर्ड करा, पलीकडे ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ तर हमखास घोटाळा, म्हणून वयाच्या प्रश्नात साठ हा शब्दच टाळला.

नोंदणीचे सोपस्कार थोडक्यात सांगते. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०१८ च्या नियमांनुसार असे घाऊक फोन करणाऱ्या संस्थेला डीएलटी नावाच्या प्रणालीवर नोंदणी करावी लागते. पॅन, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, सगळं अपलोड केलं. आमच्या वाट्याला १४० ने सुरू होणारा नंबर आला. हे जाहिरातवाल्यांच्या फोनांचे आकडे, लोक पाहताच कापतात. दारात संमती घेताना सांगून ठेवलं होतं की १४० ने सुरू होणारा फोन येईल, ताईंचा आवाज असेल, तो उचला.

तरी खरी अडचण वेगळीच निघाली. तेच दिवस डिजिटल अरेस्टच्या फसवणुकीचे. ‘तुमचा नंबर बंद होणार आहे, नऊ दाबा’ असे खोटे फोन येत होते, बँका मेसेजवर मेसेज पाठवत होत्या. आणि आम्ही काय सांगत होतो? एक दाबा! आमच्याच मंचातल्या एका सभासदाच्या सासूबाईंनी फोन भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, “एक दाबलं की खात्यातले पैसे जातात.” त्यांचं काय चुकलं? पहिलं वाक्य मग बदललं: ‘हा कर्जाचा किंवा बँकेचा फोन नाही. नाव, आधार, ओटीपी काहीही विचारणार नाही.’ यात साडेसहा सेकंद गेले, म्हणून मी शेवटचं आभाराचं वाक्य कापलं. शिवाय ग्रंथालयाच्या फळ्यावर आणि स्थानिक साप्ताहिकात सूचना छापून आणली.

बटणांचीही एक गंमत. साध्या कीपॅडच्या फोनवर बटण समोरच असतं. स्मार्टफोनवर फोन कानाला लावला की पडदा विझतो. तो खाली घ्यायचा, कीपॅडची खूण शोधायची, दाबायचं, तोवर ताई पुढच्या प्रश्नावर गेलेल्या. वयस्कर माणसं इथेच गळायची. थांबण्याची वेळ वाढवली तर पल्स उलटते. आम्ही वेळ वाढवली आणि चौथा प्रश्न काढून टाकला. तो घंटागाडीबद्दल होता, फारसं नुकसान झालं नाही.

वेळ ठरवताना सेवा कंपनीने सकाळी अकराची सुचवली, ‘सगळीकडे तीच चालते’ म्हणून. आमच्याकडे अकराला पुरुष कामावर आणि बायका धुण्याला. दुपारी दोन ते चार ही बायकांची वेळ, संध्याकाळी साडेसात ही पुरुषांची. आणि ज्या भागात नळ येणार त्या भागात त्या दिवशी फोन लावायचाच नाही. पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा येतं. हंडे भरायचे सोडून बाजारावर मत कोण देईल? हे वेळापत्रक त्या मुलाला समजावून देताना तो म्हणाला, “मॅडम, सिस्टिममध्ये ‘नळाचा दिवस’ असा ऑप्शन नाही.” मग नंबरांच्या याद्या पाणीपुरवठ्याच्या झोनप्रमाणे तोडल्या आणि रोज हाताने चढवल्या.

पहिल्या दिवसाचा अहवाल आला तो यशाच्या टक्केवारीने झळकत होता. जरा उघडून पाहिलं तर यश म्हणजे फोन उचलला गेला एवढंच. त्यातल्या निम्म्यांनी पहिल्या काही सेकंदांत ठेवला होता. शेवटपर्यंत उत्तरं देणारे त्याहून कमी. ‘उचलला’, ‘व्यस्त’, ‘बंद’, ‘उत्तर नाही’ आणि ‘बटण दाबलं’ हे रकाने वेगळे मागून घ्यावेत. कंपनी आपणहून देत नाही आणि छापील अहवाल पाहून कोणी मागतही नाही. न उचलणाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पुन्हा लावलं. जो पहिल्या फोनला सापडतो तो घरी बसलेला असतो. दुकानात, शेतात, कारखान्यात असणारा तिसऱ्या फोनला सापडतो आणि त्याचं मत वेगळं असू शकतं.

किती उत्तरं पुरेत, यावर सर फळ्यावर आकडे लिहायचे. शंभर उत्तरांवर चूक दोन्ही बाजूंना सुमारे दहा टक्के, चारशेंवर पाच, सोळाशेंवर अडीच. चूक अर्धी करायची तर माणसं चौपट. गाव पन्नास हजारांचं असो की पाच लाखांचं, याने जवळजवळ फरक पडत नाही, हे तात्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही चारशेचं लक्ष्य धरलं आणि ते ओलांडलं.

उत्तरांत बायका कमीच होत्या. मतदार यादीत त्या जवळपास निम्म्या. त्यासाठी भारांकन करावं लागतं. समजा शंभरात पंचवीसच बायका आल्या आणि असायला हव्यात पन्नास, तर प्रत्येक बाईचं मत दोनदा मोजायचं आणि प्रत्येक पुरुषाचं दोन-तृतीयांश. तात्या म्हणाले, “म्हणजे माझं मत पाऊणसुद्धा नाही?” एक्सेलमध्ये दोन रकान्यांचं काम आहे, पण यामुळे निकाल हलला. कच्च्या आकड्यांत मैदानाची बाजू थोडी वर होती. भारांकनानंतर दोन्ही बाजूंतलं अंतर सरांनी सांगितलेल्या चुकीच्या टक्क्यांच्या आत आलं, म्हणजे बरोबरी. खरं सापडलं ते दुसऱ्या प्रश्नात. मैदानापर्यंत बाजाराच्या दिवशी बस सोडली तर? तेव्हा मैदानाच्या बाजूने कल उघड झुकला, आणि बायकांत जास्त.

हा कागद घेऊन आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी टेबलावरचे दोन्ही सह्यांचे गठ्ठे बाजूला सारले, आमची चार पानं नीट वाचली आणि विचारलं, “प्रभागनिहाय आहे का?” सरांनी सांगितलं, नाही. एका प्रभागात तीसेक उत्तरं आहेत, त्यांवर चूक अठरा टक्क्यांची होईल, तसा तक्ता देणं म्हणजे थाप मारणं. साहेब म्हणाले, “लोक मला प्रभागनिहायच विचारतात हो.” पण बसचा मुद्दा त्यांनी एसटीच्या आगाराला लिहिलेल्या पत्रात घेतला, त्याची प्रत आमच्याकडे आहे. बाजार अजून मेन रोडवरच भरतो.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरसेवक आले. निकालानंतर थोड्याच दिवसांत एका नव्या नगरसेवकांचा मला फोन आला. अभिनंदन झालं, चहाला या झालं, आणि मग: “ताई, ती तुमची नंबरांची यादी आहे ना, आमच्या प्रभागापुरती द्या. लोकांशी संपर्क ठेवायला बरी.” मी म्हटलं, “दादा, लोकांनी सही बाजाराच्या प्रश्नापुरती दिली होती. यादी देता येणार नाही.” ते म्हणाले, “अहो, आता आम्हीच नगरपरिषद.” त्याआधीच नोव्हेंबरमध्ये डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले होते. मी त्यांना नियमांची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली आणि आमचा संमतीचा कोरा नमुनाही. त्यांना पाहणी करायची असेल तर दारोदार जाऊन सह्या घ्याव्यात, ताईंचा आवाज आणि कोणत्या दिवशी कुठे नळ येतो याचं वेळापत्रक आम्ही देऊ, असं खाली लिहिलं. निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून यायचंय.